टीएतून घरी आलो तर कंपनी म्हणते जागा भरली

कागल तालुक्यातल्या एका जवानाचं पत्र आलंय. नाव, युनिट, कंपनी काही छापू नका म्हणालाय म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे, त्यातलं कामाचं तेवढं देतो. फौजेबाहेरच्यांसाठी एवढंच: टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, एरवी आपली नोकरी करायची आणि बोलावणं आलं की वर्दी चढवायची. एम्बॉडी म्हणजे असं बोलावून पूर्णवेळ सेवेत घेतलेला, डिसएम्बॉडी म्हणजे त्यातून मोकळा केलेला. नायकचा कॅडर म्हणजे नायक पदाच्या बढतीसाठीचा कोर्स, आणि कंपनी कमांडर म्हणजे फौजेतल्या तुकडीचा अधिकारी, कारखान्याचा नाही.

"सुभेदार साहेब, जय हिंद. मी टीएत शिपाई आहे, सात वर्षं झाली. एरवी एमआयडीसीतल्या एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर, परमनंट. गेलं दीड वर्ष एम्बॉडी होतो, जम्मू-काश्मीरला. डिसएम्बॉडी होऊन घरी येऊन पाच आठवडे झाले. कंपनीत गेलो तर एचआरवाले म्हणतात तुमची जागा भरली, पाहिजे तर कॉन्ट्रॅक्टरकडून या, पगार निम्मा. लेखी मागितलं तर देत नाहीत. युनिटचं सांगायचं तर शेवटच्या चार महिन्यांचा फील्ड अलाउन्स आलेला नाही, हेड क्लार्क म्हणतात होऊन जाईल. नायकच्या कॅडरला कंपनी कमांडर साहेबांनी माझं नाव दोनदा वगळलं. आणि वडील आयसीयूत असताना त्यांनीच सुट्टी नाकारली, ते माझ्या डोक्यातून जात नाही. अलाउन्सचं आम्हा सहा जणांचं सेम आहे, सगळ्यांनी सही करून एकच अर्ज द्यावा म्हणतोय. भाचा म्हणतो मामा युनिफॉर्मवर एक रील टाकू, दोन दिवसांत काम होतंय बघ. काय करू?"

भावा, पहिल्यांदा भाच्याच्या हातातला मोबाईल काढून घे.

खरंच सांगतो. २०१७ च्या जानेवारीत जवानांच्या व्हिडिओंचं पेव फुटलं होतं ते आठवत असेल, जेवणाचं, सहायक म्हणून अधिकाऱ्यांची घरची कामं करायला लावण्याचं. तेव्हाचे आर्मी चीफ जनरल बिपिन रावत यांनी तक्रार पेट्या लावा, माझ्यापर्यंत थेट पोचवा, नाव गुप्त ठेवतो असं सांगितलं, आणि त्याच महिन्यात आर्मी डेला हेही सांगितलं की सोशल मीडियावर जाल तर शिक्षा होऊ शकते. ते अजून तसंच आहे. रील टाकलीस की तुझा अलाउन्स, तुझा कॅडर सगळं बाजूला राहतं आणि पुढचे सहा महिने चर्चा फक्त एकाच गोष्टीची होते, की तू रील का टाकलीस. घरी आहे म्हणजे सिव्हिलियन आहे असं समजून युनिफॉर्म घालून कॅमेऱ्यासमोर बसू नकोस, उद्या परत बोलावणं आलं की त्याच लाइनीत उभं राहायचंय.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात एक तक्रार नाहीये, चार आहेत, आणि चारही तू एकाच पिशवीत कोंबल्यात. कंपनीचं दार वेगळं, पगाराचं वेगळं, कॅडरचं वेगळं, आणि सुट्टीचं तर जवळजवळ दारच नाही, ते शेवटी सांगतो. टीएवाल्याची हीच गोची असते, रेग्युलर जवानाला एकच मालक, तुला दोन, आणि अन्याय झाला त्या दिवशी तू कुणाचा माणूस होतास त्यावर अर्ज कुठे जाणार ते ठरतं. एकाच कागदावर सगळं लिहिलंस तर कंपनीवाले म्हणणार हा आर्मीचा प्रश्न आणि आर्मीवाले म्हणणार हा कंपनीचा.

पहिलं कंपनीचं घे, कारण तिथं घड्याळ चालू आहे आणि तुला ते माहीतच नाही असं पत्रावरून दिसतंय.

टेरिटोरियल आर्मी ॲक्ट, १९४८. त्यातलं कलम ७-ए काढ आणि शांतपणे वाच, एक पान पण नाहीये. त्यात म्हटलंय की लष्करी सेवेसाठी गेलेला माणूस परत आला की त्याला कामावर परत घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि तेही आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर, म्हणजे तू गेलाच नसतास तर आज ज्या अटींवर असतास त्या अटींवर. कॉन्ट्रॅक्टरकडून निम्म्या पगारात या, हे त्या वाक्यात कुठूनही बसत नाही. एचआरवाले म्हणतील हे सरकारी नोकरीला लागू, आम्ही प्रायव्हेट. खोटं आहे. कायद्यात प्रत्येक मालक असाच शब्द आहे.

पण त्याच कलमात मालकाला एक पळवाट पण दिलीय. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत तू कामावर परत घ्या म्हणून अर्ज केला नाहीस हे त्यांनी सिद्ध केलं, तर तो त्यांचा बचाव होतो. दोन महिने. तुझे पाच आठवडे गेलेत, आणि तू जे केलंस ते म्हणजे गेटवर जाऊन एचआरशी बोललास, चहा प्यायलास आणि घरी आलास, त्याचा कागद कुठे आहे? एचआरवाले लेखी देत नाहीत ते काय उगाच नाही रे. त्यांना नोकरी नाकारायचीच नाहीये, त्यांना फक्त अजून तीन-चार आठवडे तुला 'बघतो, साहेब आले की विचारतो' करत झुलवायचंय.

म्हणून हे वाचून झालं की आजच कागद घे. जास्त काही लिहायचं नाही, रागाचं तर अजिबात नाही. मी क्लार्क माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, नमुना देतो:

"मी आपल्या कंपनीत अमुक तारखेपासून अमुक पदावर कायम कामगार आहे, टोकन नंबर अमुक. प्रादेशिक सेनेच्या आदेशानुसार मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत लष्करी सेवेत होतो. सदर सेवा अमुक तारखेस संपली आहे. टेरिटोरियल आर्मी ॲक्ट १९४८, कलम ७-ए नुसार मला माझ्या मूळ पदावर व देय असलेल्या वेतनावर रुजू करून घ्यावे ही विनंती. मी तात्काळ रुजू होण्यास तयार आहे."

बास. खाली सही, तारीख. दोन प्रती काढ, एक घेऊन स्वतः जा आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का माग, शिक्का नाही दिला तर भांडत बसू नकोस, सरळ पोस्टात जा. आता पूर्वीचं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तर स्पीड पोस्टानं पोचपावतीसकट पाठव आणि त्याच दिवशी कंपनीच्या ऑफिशियल मेलवर पण टाक. पोस्टाची पावती थर्मल कागदाची असते, चार महिन्यांत अक्षरं उडतात, झेरॉक्स काढून ठेव. आणि सोबत काय जोडायचं, तर अख्खी मूव्हमेंट ऑर्डर जोडू नको, त्यात कुठे होतास, कोणाबरोबर होतास सगळं असतं, ते एचआरच्या टेबलावर कशाला? युनिटकडून फक्त तारखांचं सर्टिफिकेट घे.

एवढं करूनही नाही म्हणाले, किंवा घेणं शक्यच नाही असं म्हणाले, तर त्याच कलमाखाली नियमांनी ठरवलेल्या प्राधिकाऱ्याकडे प्रकरण नेता येतं. तुझ्या केसमध्ये अर्ज कुठल्या ऑफिसात टाकायचा ते बटालियनच्या ॲडज्युटंटना, म्हणजे ऑफिसचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, कलमाचा नंबर घालून लेखी विचार, आणि सीओ साहेबांकडून, म्हणजे बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरकडून, कंपनीला एक पत्र जाईल का तेही त्याच अर्जात विचार, बऱ्याच वेळा त्या लेटरहेडवरच काम होऊन जातं. तो प्राधिकारी तीनातलं एक करू शकतो, मालकाला सूट देईल, किंवा परत घ्यायला लावेल, किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई द्यायला लावेल. आदेश मोडला तर दंड आहे, आणि दंड किती, तर एक हजार रुपयांपर्यंत! आजच्या काळात हजार रुपयांना कोण घाबरतंय, कंपनीच्या दिवाळीच्या मिठाईचं बिल त्याहून जास्त असतं. पण कोर्टात दोषी ठरले तर सहा महिन्यांचा पगार द्यायलाच लागतो आणि तो दंडासारखा वसूल होतो, एचआरला समजावताना हे वाक्य वापर, हजाराचं नको. माझं मत विचारशील तर हा कायदा फार जुना झालाय आणि भरपाई फार तोकडी आहे, अमेरिकेत राखीव सैनिकांसाठी १९९४ चा वेगळा कायदाच आहे, त्यांना लांबच्या सेवेनंतर अर्जाला नव्वद दिवस मिळतात. पण आपल्याकडे जे आहे ते आहे, आणि ते वापरलंच जात नाही हे जास्त वाईट.

हां, पीएफचं राहिलं. कलम ७-बी बघ, लष्करी सेवेच्या काळात प्रॉव्हिडंट फंड वगैरेचे हक्क जपायची तरतूद त्यात आहे. रुजू झालास की दीड वर्षाच्या पीएफचं काय झालं ते वेगळ्या पत्रानं विचार, पहिल्याच पत्रात घालू नकोस. आणि समांतर म्हणून कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज टाकायला हरकत नाही, तिथं तू कामगार म्हणून जातोस, फौजी म्हणून नाही.

आता युनिट.

अलाउन्स ही माझ्या मते तक्रारच नाहीये अजून, तो कागद अडकलाय. जवानाचा पैसा कसा येतो माहितीये ना, युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं, की अमुक नंबर अमुक नावाचा जवान अमुक तारखेला फील्डमध्ये आला, अमुक तारखेला निघाला, ती पुढे पे अकाउंट्स ऑफिसला जाते, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला आहे, आणि तिथं ती चढली की पैसा सुटतो. पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही, किंवा निघाली आणि तारखेच्या गडबडीनं परत आली, तर तू सीओ पर्यंत गेलास काय आणि संरक्षण मंत्र्यापर्यंत गेलास काय, पे ऑफिस म्हणणार आमच्याकडे काही आलेलं नाही. मी असल्या परत आलेल्या ऑर्डरींचे गठ्ठे बघितलेत, निम्म्या वेळा कारण एका आकड्याचं असतं. तेव्हा 'होऊन जाईल' वर थांबू नको, हेड क्लार्कना सभ्यपणे एकच प्रश्न विचार: साहेब, पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख काय? नंबर मिळाला तर पे ऑफिसला त्या नंबरानं पत्र लिही. नंबर मिळाला नाही तर समजून जा की निघालीच नाहीये, मग कंपनी कमांडरना अर्ज. तरीही कोणी दाद दिली नाही तर आरटीआय आहे, दहा रुपयांत स्वतःच्याच पार्ट टू ऑर्डरची कॉपी मागता येते, केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून, आणि उत्तराला तीस दिवस. बीएसएफ, आसाम रायफल्स आरटीआयच्या बाहेर ठेवलेत पण आर्मी नाही ठेवलेली, लोकांचा इथं कायम घोळ होतो.

सहा जणांची एक सही? नको. अजिबात नको. फौजेत सामूहिक अर्ज हा प्रकारच चालत नाही, तुमची भावना कितीही साधी असली तरी वरून बघणाऱ्याला ती गटबाजी दिसते आणि त्याहून वाईट शब्द पण लावता येतो. सहाच्या सहा जणांनी सहा वेगळे अर्ज द्या, आपापला नंबर, आपापल्या तारखा, आणि कृपा करून एकाचंच झेरॉक्स मारून नाव बदलू नका, मजकूर आपापला लिहा. सहा अर्ज एका आठवड्यात गेले तर सीओ साहेबांना कळायचं ते कळतंच.

कॅडरचं मात्र खरं गाऱ्हाणं आहे आणि त्याचा रस्ता आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २६ मध्ये आहे. ऑफिसर सोडून बाकी सगळ्यांसाठी ते कलम. फौजेतल्या कंपनीत, म्हणजे तुकडीत, असशील तर तक्रार कंपनी कमांडरकडे, पण तक्रार त्यांच्याच विरुद्ध असेल तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे तुझ्या बाबतीत सीओ. आणि तक्रार ज्याच्याकडे आली त्यानं शक्य तेवढी पूर्ण चौकशी केली पाहिजे किंवा वर पाठवली पाहिजे असंही तिथंच लिहिलंय, म्हणजे 'रख ले जेब में' हा पर्याय कायद्यात नाही. शेवटचा शब्द आर्मी चीफचा, आणि त्यातही केंद्र सरकार बदल करू शकतं.

कागदावर एवढं सोपं. प्रत्यक्षात काय होतं ते तुला मी सांगायला पाहिजे असं नाही. तू अर्जी रिपोर्ट, म्हणजे साहेबांपुढे उभं राहून गाऱ्हाणं मांडायची परवानगी, मागितलीस की आधी सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, खांद्यावर हात ठेवतो, "छोड ना यार, अगली बार हो जाएगा." मग सिनियर जेसीओ, म्हणजे सुभेदार वगैरे, बोलावून चहा पाजतात. सगळे वाईट असतात असं नाही, खूपदा त्यांनाही मिटवायचंच असतं आणि खूपदा ते मिटवतातही. तेव्हा चहा पी, ऐक, पण तारीख घे. "साहब, पंधरा दिन में नहीं हुआ तो इंटरव्यू चाहिए," एवढं म्हणून बाहेर ये आणि ती तारीख डायरीत लिही, कोणाशी बोललो, काय म्हणाले. नंतर वरच्या हेडक्वार्टरला किंवा फौजींच्या ट्रिब्युनलला (त्याचं पुढे सांगतो) दाखवताना ही डायरी सोन्यासारखी असते. सैनिक संमेलनात, म्हणजे सगळ्या जवानांच्या एकत्र बैठकीत, हात वर करून हा विषय काढू नकोस, तिथं सगळ्यांच्या कॉमन गोष्टी बोलायच्या असतात, आणि सगळ्यांसमोर कंपनी कमांडरचं नाव निघालं की ते पण अडून बसतात.

तुला अर्ज लगेच द्यायचा असेल, टीएच्या पुढच्या ट्रेनिंग कॅम्पपर्यंत थांबायचं नसेल, तर सीओच्या नावानं पोस्टानं पाठव, घरी आहेस म्हणून कोणी अडवत नाही. अर्जात काय लिहायचं, तर मी अमुक तारखेला कॅडरसाठी पात्र होतो, अमुक अमुक टेस्ट पास आहे, माझ्यानंतर भरती झालेले अमुक जण गेले, मला कारण सांगितलं गेलं नाही, मला पुढच्या कॅडरला विचारात घ्यावं. शेवटची मागणी स्पष्ट पाहिजे. अर्ध्या तक्रारी वाचून कळतच नाही की माणसाला हवंय काय. आणि पत्रात तू मला जे लिहिलंस ना, की साहेब आपल्या भागातल्या पोरांना पुढे करतात, ते तुझ्याकडे पुरावा असेल तरच. त्याच आर्मी ॲक्टचं कलम ५६ वाच. तक्रारीत कोणाच्या चारित्र्याबद्दल खोटं आहे हे माहीत असून लिहिलं, किंवा महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली, तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. घाबरवत नाहीये, खऱ्या तक्रारीला हे कलम लागत नाही. पण 'मला वाटतं' आणि 'झालं' यातला फरक त्या कागदावर पाळ. आमदार-खासदाराचं पत्र पण जोडू नको, कंपनीच्या भांडणात खुशाल घे, युनिटमध्ये ते उलटंच पडतं.

अर्ज दिल्यापासून सहा महिने थांबायचं. तेवढ्यात अंतिम आदेश आला, किंवा सहा महिने होऊनही काहीच आलं नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल उघडं होतं, २००७ च्या कायद्यानं झालेलं, महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबई बेंच. नकार आला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत जायचं, काहीच उत्तर नाही आलं तर पहिले सहा संपल्यावर पुढच्या सहात. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. ट्रेनिंग, प्रमोशन, पगार, पेन्शन हे सगळं तिथं चालतं. त्याच्याही वर हायकोर्टाचा रस्ता बंद नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये स्पष्ट केलंय, आणि ऑगस्ट २०२५ पासून तर मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, तुझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर.

आणि सुट्टी. सगळ्यात जास्त तुला तेच लागलंय हे पत्रात दिसतं, पान भरून लिहिलंयस, आणि नेमकं त्याचंच कायद्यात फारसं काही होत नाही. ट्रिब्युनलच्या कायद्यात सेवाविषयक बाबींच्या व्याख्येतून बदली-पोस्टिंग आणि कुठल्याही प्रकारची सुट्टी बाहेर ठेवलीय. कलम २६ खाली सीओंना लिहिता येतं, तो हक्क आहेच, पण त्यातून आता मिळणार काय? वडील बरे होऊन घरी आलेत असं लिहिलंयस. माझं ऐकशील तर कॅडरच्या अर्जात सुट्टीची एक ओळ पण घालू नको, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सुट्टीचा राग कॅडरवर काढतोय. सीओ साहेबांच्या इंटरव्यूला उभा राहशील तेव्हा तोंडी सांग, साधेपणानं, आरोप न करता. काही सीओ अशा गोष्टी लक्षात ठेवतात.

तू शेवटी विचारलंयस की भरती होताना कसल्या कसल्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, आता त्या आडव्या येतील का. यावर एक निकाल सांगतो. कुमाऊंच्या इको टीए बटालियनमधला, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीच्या टीए बटालियनमधला, एक जवान, आधी रेग्युलर आर्मीत चोवीस-पंचवीस वर्षं काढलेला, टीएत असताना सुट्टीवर घरी आला आणि ॲक्सिडेंटमध्ये पाय गेला, ऐंशी टक्के अपंगत्व. पेन्शन नाकारली, का तर इकोवाल्यांना ती मिळत नाही, आणि तूच तशी अट मान्य करून सही केली होतीस. ट्रिब्युनलमध्ये हरला. सुप्रीम कोर्टात १७ डिसेंबर २०२१ ला जिंकला. निकाल लिहिला आपल्या अमरावतीच्या न्यायमूर्ती भूषण गवईंनी, तेच पुढे सरन्यायाधीश झाले आणि कोल्हापूरच्या बेंचचं उद्घाटनही त्यांच्याच हातून झालं. त्यात कोर्टानं म्हटलं की नोकरीला लागताना गरजू माणसाकडे सही न करण्याचा पर्याय कुठे असतो, दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसताना घेतलेल्या अशा सहीवर विसंबता येत नाही. तेव्हा सही केली म्हणून मुकाट बसायचं कारण नाही, पण लक्षात घे, त्या माणसाला पाय गेल्यापासून निकाल लागेपर्यंत बारा वर्षं लागली.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची वीर परिवार सहायता योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झालीय, तिचं नाव घेऊन विचार. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही डोकावून ये, पण तिथं मुख्यतः माजी सैनिकांची कामं चालतात आणि टीएवाला आपोआप माजी सैनिक होत नाही, त्यामुळे काउंटरवरून परत पाठवलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

टीएतल्या बाकी पोरांसाठी पण एक सांगतो, कारण मे २०२५ च्या आदेशानं बत्तीसपैकी चौदा इन्फंट्री बटालियन एम्बॉडी करायचे अधिकार आर्मी चीफना दिलेत, ते फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहेत, म्हणजे अजून बऱ्याच जणांना बोलावणं येऊ शकतं. आदेश निघाल्यानंतर कंपनीनं तुम्हाला काढलं, तर ते कामावर परत घ्यायची जबाबदारी टाळण्यासाठीच काढलं असं कलम ७-ए धरून चालतं, उलटं सिद्ध करायचं काम कंपनीचं. पण त्यासाठी आदेश कंपनीला कधी पोचला याचा पुरावा लागतो. म्हणून बॅग भरायच्या आधी बोलावण्याच्या तारखेचं पत्र एचआरला द्या, पोच घ्या, फोटो काढा, आणि ती पोच ट्रंकेत टाकून सोबत नेऊ नका, घरी बायकोकडे किंवा आईकडे द्या.